करूळनं उतरायचं की फोंड्यानं? हिवाळ्यात रस्ता निवडण्याचं गणित

डिसेंबर उजाडला की माझ्या मावसभावाचा फोन येतोच. "दादा, मालवणला निघालोय. करूळनं उतरू का फोंड्यानं?"

कोल्हापुरात हा प्रश्न घरोघरी पडतो. आपण घाटावरचे. कोकण खाली पसरलेलं, आणि मध्ये सह्याद्रीची भिंत. त्या भिंतीतून खाली उतरायला वाटा मोजक्याच: उत्तरेकडून आंबा, अणुस्कुरा, भुईबावडा, करूळ, फोंडा, आंबोली आणि आणखी दक्षिणेला तिलारी, चोर्ला. रत्नागिरीला जायचं तर आंबा घाट, सावंतवाडी-वेंगुर्ल्याला जायचं तर निपाणी, उत्तूर, आजरा करत आंबोली. तिथं फार डोकं चालवावं लागत नाही. पण मालवण, देवगड, कणकवली म्हटलं की करूळ आणि फोंडा असे दोन जवळजवळ सारख्या लांबीचे रस्ते समोर येतात. दोन्हींनी कणकवली सव्वाशे किलोमीटरच्या आतच आहे.

पूर्वी मी एका शब्दात उत्तर द्यायचो. आता उलट त्यालाच विचारतो: किती वाजता निघणार, गाडीत कोण कोण आहे, आणि परत कधी येणार? तो वैतागतो. त्याला वाटतं, रस्ता तो रस्ता, त्यात कोण बसलंय याचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो नीट समजला तर फोनमधला नकाशा काय सांगतो आणि काय सांगू शकत नाही, हेही कळतं. म्हणून हा खटाटोप.

पाटाचं पाणी

फोनला रस्ता विचारला की तो काय करतो? त्याच्या लेखी गाव, फाटा, चौक म्हणजे ठिपके. दोन ठिपक्यांमधला रस्ता म्हणजे रेघ. प्रत्येक रेघेवर एक आकडा लिहिलेला असतो. समजा, ती रेघ पार करायला लागणारी मिनिटं. निघायच्या ठिपक्यापासून पोचायच्या ठिपक्यापर्यंत सर्वांत कमी बेरीज कुठून होते, एवढंच शोधायचं.

सगळे रस्ते एकेक करून तपासायचे म्हटलं तर संगणकही थकेल, कारण फाट्यागणिक पर्याय वाढत जातात. यावरची युक्ती एड्सगर डायक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाला १९५६ साली अ‍ॅमस्टरडॅममध्ये एका कॅफेत बसल्या बसल्या वीसेक मिनिटांत सुचली. कागद-पेन्सिलही जवळ नव्हती. १९५९ साली ती छापून आली. आजच्या नकाशांची यंत्रणा तिच्या बरीच पुढे गेली आहे, पण गाभा तोच आहे.

ही युक्ती उसाला पाणी पाजणाऱ्याला लगेच पटेल. पाटातून पाणी सोडलं की ते सगळ्या सऱ्यांत एकदम धावतं. जवळची सरी आधी भिजते, लांबची नंतर. एखाद्या कोपऱ्यावर पाणी एकदा पोचलं की त्याहून लवकर पोचणारी दुसरी वाट असूच शकत नाही. असती तर पाणी तिकडूनच आधी आलं नसतं का? डायक्स्ट्राची रीत म्हणजे हेच पाणी, आकड्यांत.

आपल्याच रस्त्यावर सोडून बघू. आकडे समजण्यापुरते धरा. कोल्हापूर ते राधानगरी ७० मिनिटं, कोल्हापूर ते गगनबावडा ७५. राधानगरीहून दाजीपूर करत फोंडा घाट उतरून फोंडा गावात यायला ७५, तिथून कणकवली २०. गगनबावड्याहून करूळ घाट उतरून वैभववाडी ३५, तिथून तळेरेमार्गे कणकवली ५०.

पाणी सोडलं. पहिल्यांदा भिजली राधानगरी, ७० व्या मिनिटाला. तिथून फोंड्याला पोचायचा अंदाज १४५. मग ७५ ला गगनबावडा भिजला. तिथून वैभववाडी ११०. आता फोंडा अजून कोरडाच आहे, पण वैभववाडी त्याच्या आधी भिजते, म्हणून पुढचा हिशोब वैभववाडीपासून: कणकवली १६०. मग १४५ ला फोंडा भिजतो, तिथून कणकवली १६५ येते. पण १६० ची वाट आधीच हाताशी आहे, म्हणून १६५ खोडली जाते. उत्तर करूळ, १६० मिनिटं.

गंमत बघा, सुरुवातीला राधानगरीची वाट पुढे होती. जो माणूस दर फाट्यावर फक्त "आत्ता जवळचं काय" एवढंच बघतो, तो फोंड्यानं गेला असता. ही रीत मात्र सगळ्या वाटांचं पाणी वाहू देते आणि निकाल शेवटी लावते.

आणि फरक किती? पाच मिनिटं! पाच मिनिटांच्या फरकावर फोन छातीठोक निळी रेघ काढून दाखवतो आणि आपण तिच्यावर विश्वास टाकतो. तो आकडा कुठून आला, हे कोणी विचारत नाही.

रेघेवरचा आकडा कोण लिहितं?

बऱ्याच अंशी आपणच. रस्त्यावरच्या गाड्यांमधले फोन किती वेगानं सरकतायत, त्यावरून नकाशाला रस्त्याची गती समजते. पुणे-बेंगळुरू महामार्गावर मिनिटाला कितीतरी फोन जातात, म्हणून तिथला अंदाज सहसा नेमका येतो. घाटात गाड्या कमी, त्यात मध्येच रेंज जाते. तिथला आकडा म्हणजे मागच्या माहितीवर बांधलेला तर्क. रेघ अचानक पुसली गेली तर हे फार जाणवतं. २०२४ साली करूळ घाट रुंदीकरणासाठी कित्येक महिने बंद होता आणि सगळा भार भुईबावडा नि फोंड्यावर आला होता. अशा वेळी १६० मिनिटांच्या हिशोबाला काही अर्थच उरत नाही. म्हणून निघायच्या आदल्या संध्याकाळी मी रंकाळा स्टँडवर एक चक्कर मारतो. गगनबावड्याहून आलेल्या एसटीच्या ड्रायव्हरला "घाट कसा आहे?" विचारलं की दोन वाक्यांत आजचा घाट समजतो. याहून ताजी माहिती मला तरी कुठं मिळाली नाही.

दुसरी गोष्ट, तो आकडा फक्त मिनिटांचा असतो. धोका, दमणूक, गाडी लागणारं पोर, अंधार या गोष्टी त्यात नसतात. एका हिवाळ्यात फोननं मला "सहा मिनिटं वाचतील" म्हणून मुख्य रस्ता सोडून उसाच्या फडांमधल्या वाटेनं घातलं. मी गेलो. पुढे उसाची ट्रॉली एका अंगाला कलंडलेली, मागे दुसरी ट्रॉली येऊन थांबलेली, दोन्ही बाजूंना ऊस. दीड तास तिथं बसलो. त्या रेघेवरचा सहा मिनिटांचा फायदा खराच असेल, पण ऊसतोडीच्या हंगामात तिथं अडकायची शक्यता किती, हा आकडा रेघेवर कोणी लिहिलेला नव्हता. तो माझा मला लिहायला हवा होता.

हिवाळा म्हणजे आपल्याकडे गाळपाचा हंगाम. परित्याच्या कारखान्याकडे राधानगरी रस्त्यानं आणि कुडित्र्याच्या कारखान्याकडे गगनबावडा रस्त्यानं डबल ट्रॉल्या, बैलगाड्या, ट्रक रात्रंदिवस चालू असतात. ट्रॉलीच्या बाहेर आलेला ऊस मागचा दिवा असलाच तरी झाकून टाकतो. दिवसा ही फक्त वेळेची अडचण आहे. अंधारात किंवा धुक्यात हाच जिवाचा धोका आहे, आणि म्हणूनच मी मावसभावाला पहिला प्रश्न विचारतो: किती वाजता निघणार? ऊसदराचं आंदोलन पेटलं असेल तर पेपर वाचूनच बाहेर पडावं. नोव्हेंबर २०२३ मध्ये शिरोली पुलाजवळ महामार्गच रोखला गेला होता.

धुकं कुठं बसतं

आपल्याकडे "लवकर निघा, लवकर पोचा" ही शिकवण आहे आणि उन्हाळ्यात ती बरोबरच आहे. हिवाळ्यात मात्र पहाटे पाचला निघणं हा मला सर्वांत वाईट पर्याय वाटतो.

थंडीच्या रात्री आभाळ निरभ्र असतं. दिवसभर तापलेली जमीन आपली उष्णता वर सोडून देते आणि ढगांचं पांघरूण नसल्यामुळे ती परत येत नाही. जमीन गारठते, तिला टेकलेली हवा गारठते. गार हवेत पाण्याची वाफ कमी मावते. जास्तीची वाफ बारीक थेंबांच्या रूपात बाहेर पडते. पानावर बसली तर दव, हवेत तरंगत राहिली तर धुकं. त्यासाठी ओलावा हवा आणि वारा नको.

आता आपला मुलूख बघा. नदीकाठ, त्यालगत मैलोन्‌मैल पाणी पाजलेला ऊस. ओलाव्याला तोटा नाही. शिवाय थंड हवा जड असते आणि पाण्यासारखीच उताराकडे वाहते, खोलगट जागी साचते. म्हणून बालिंग्याच्या पुलावर, भोगावतीच्या काठाकाठानं, पंचगंगेच्या पट्ट्यात पहाटे धुकं दाट असतं, आणि तिथून वर चढून गेलं की स्वच्छ. गगनबावड्याच्या कड्यावर उभं राहून खाली बघितलं तर कोकणातल्या दऱ्यांत पांढरं पाणी भरल्यासारखं दिसतं, आणि आपण मात्र लख्ख उन्हात असतो. पावसाळ्यात याच्या उलट: तेव्हा माथा ढगात असतो. म्हणजे "घाटात धुकं असतं" हे पावसाळ्याचं ज्ञान हिवाळ्यात जसंच्या तसं लागू पडत नाही. हिवाळी सकाळचं धुकं बरंचसं घाटाच्या आधी आणि घाटाच्या नंतर भेटतं.

डिसेंबरअखेर कोल्हापुरात सूर्य उगवतो सातच्या सुमाराला. जमीन तापायला आणखी तास-दीड तास. साधारण साडेआठ-नऊपर्यंत धुकं विरळ होतं. आता पाचला निघालेल्या माणसाचं बघा. पहिला दीडेक तास अंधार, त्यात धुकं, त्यात उसाच्या ट्रॉल्या. तो रेंगाळत साडेआठला कणकवलीत पोचेल. पावणेसातला निघालेला उजेडात चालवत साडेनऊपर्यंत पोचेल. तास उशीर झाला खरा, पण स्टिअरिंगवरचा पाऊण तास वाचला आणि अंधारातला धोका टळला. नकाशातल्या रेघा तशाच राहिल्या. त्यांच्यावरचे आकडे मात्र घड्याळाबरोबर बदलले. त्यामुळे कुठून जायचं या प्रश्नाचं उत्तर कधी निघायचं हे ठरल्याशिवाय देताच येत नाही.

तरीही धुक्यात सापडलात तर एक हिशोब डोक्यात ठेवा. ताशी ६० च्या वेगानं गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. समोर काही दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरला तर २५ मीटर तसेच गेले. दवानं ओलसर झालेल्या रस्त्यावर गाडी थांबायला आणखी २८ मीटर. एकूण ५३. ताशी ४० ला हीच बेरीज २९ येते आणि ८० ला ८३. हवामान खात्याच्या भाषेत ५० ते २०० मीटरपर्यंत दिसत असेल तर ते दाट धुकं, आणि ५० च्या खाली फार दाट. म्हणजे ५० मीटरवरचं दिसतंय आणि तुम्ही ६० नं चाललाय, तर ट्रॉली दिसली तेव्हाच ती लागलेली असते.

दिवे डिपरवर ठेवा. अप्परचा उजेड थेंबांवरून उलटून आपल्याच डोळ्यांवर येतो, समोर पांढरी भिंत उभी राहते. चारही इंडिकेटर लावून गाडी चालवत राहायची सवय बऱ्याच जणांना आहे; त्यानं मागच्याला तुम्ही उभे आहात की चालताय, वळताय की सरळ, हे कळत नाही. थांबल्यावर लावा, आणि थांबायचं ते रस्त्यावरून पूर्ण खाली उतरून.

घाट उतरताना ब्रेकचं काय होतं

माणसं आणि सामान धरून दीड हजार किलोची गाडी पाचशे मीटर खाली उतरते तेव्हा तिला सुमारे ७३.५ लाख ज्यूल ऊर्जा कुठंतरी टाकावी लागते. हा आकडा डोळ्यांसमोर येत नाही, म्हणून असं बघा: एवढ्या उष्णतेत २५ अंशांचं २३ लिटर पाणी उकळीला येईल. सगळा घाट ब्रेक दाबत उतरलात तर त्यातला मोठा वाटा चार चाकांच्या ब्रेकमध्ये जातो. ते तापतात, त्यांची पकड सुटत जाते, जळका वास येतो. म्हणून ज्या गिअरमध्ये घाट चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा. इंजिनच गाडीला मागे खेचून धरतं, ब्रेक अधूनमधून लागतो.

डिझेल-पेट्रोल वाचतं म्हणून न्यूट्रलमध्ये गाडी सोडणारे अजून आहेत. त्यांना मी कळकळीनं सांगतो, आजच्या गाड्यांत तेही खरं नाही. गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला की इंजिनला जाणारं इंधन बंद होतं; न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते लागतच राहतं. म्हणजे इंधनही जातं आणि ब्रेकही. विजेवरच्या गाडीला याच उतारावर थोडी वीज परत मिळते, ७३.५ लाख ज्यूल म्हणजे सुमारे २ युनिट, त्यातला काही भाग. चढताना तेवढी आणि त्याहून जास्त जाते, हे परतीच्या चार्जिंगचा हिशोब करताना धरायला हवं.

अरुंद वळणावर दोन गाड्या समोरासमोर आल्या तर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. तो नियमच आहे.

मावसभावाच्या धाकटीला गाडी लागते. वळणावर कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा "हललो" म्हणते आणि पुस्तकात किंवा मोबाइलमध्ये घातलेले डोळे "हललो नाही" म्हणतात. या भांडणात पोट ढवळतं. तिला खिडकीतून लांबवर बघायला बसवावं, पोटभर मिसळ खाऊन घाटात घालू नये, आणि घाट सावकाश उतरावा. हेही गणितच आहे. दर उलटीला पंधरा मिनिटांचा थांबा धरला तर फोनचा पाच मिनिटांचा फरक कुठच्या कुठं जातो.

परतीचा रस्ता तोच नसतो

जाताना चांगला असलेला रस्ता येताना चांगला असेलच असं नाही. याचं पहिलं कारण अंधार. डिसेंबरअखेर कोल्हापुरात सूर्य सहानंतर पाच-दहा मिनिटांत मावळतो. फोंडा घाट चढून वर आलं की दाजीपूरचं जंगल लागतं. १९५८ सालापासूनचं हे अभयारण्य गव्यांचं आहे, आणि तिन्हीसांजेला गवे रस्ता ओलांडतात. मोठा नर हजार किलोपर्यंत भरतो, अंगानं काळा, अंधारात जवळ येईपर्यंत दिसत नाही. एक गेला म्हणजे संपलं असं समजू नये. मागे कळप असतो. हॉर्न न वाजवता, दिवे डिपरवर टाकून थांबून राहावं.

दुसरं कारण थोडं गमतीशीर आहे. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. मावळतो तो पश्चिमेच्याही बराच डावीकडे, नैर्ऋत्येच्या बाजूला. कोल्हापूरहून गगनबावडा नेमका त्याच दिशेला आहे. म्हणून हिवाळ्यात दुपारी चारनंतर कोकणाकडे निघालात तर सूर्य काचेतून सरळ डोळ्यांवर येतो आणि झाडांच्या सावलीतला सायकलवाला दिसेनासा होतो. सकाळी निघालात तर ऊन पाठीवर. येताना दुपार कलल्यावर घाट चढलात तरीही ऊन पाठीवरच.

आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा सहसा फेब्रुवारीच्या आसपास येते. तिची तारीख दर वर्षी देवीचा कौल घेऊन ठरते, त्यामुळे आधी विचारून घ्यावं. त्या दिवसांत कणकवली-मालवण पट्ट्यातले सगळेच आकडे बदलतात.

वाटेत चार-पाच ठिकाणं करायची असली तर क्रमाचा प्रश्न वेगळाच उभा राहतो. मालवण, कुणकेश्वर, विजयदुर्ग, तारकर्ली, सावंतवाडी या पाच जागा १२० क्रमांनी बघता येतात, दहा जागा झाल्या तर ३६,२८,८०० क्रम. सगळे तपासत बसू नका. जिथं वेळेचं बंधन आहे ती जागा आधी पक्की करा. सिंधुदुर्ग किल्ल्याला होडीनं जावं लागतं, तो सकाळी. बाकीच्या त्याच्या भोवती आपोआप बसतात.

तर यंदाही फोन आला. गाडीत मावशी, दोन पोरं, निघायचं शनिवारी, परत सोमवारी. मी सांगितलं: पावणेसातच्या आधी बिंदू चौक सोडू नको. शुक्रवारी स्टँडवर विचारून घाट चालू असल्याची खात्री कर, नकाशा फोनमध्ये उतरवून ठेव, आणि करूळनं उतर. सोमवारी मालवणात जेवण बाराला उरकून एकच्या आत निघालात तर फोंड्यानं वर या. चारपर्यंत दाजीपूर उजेडात पार होईल आणि मावशीला जंगल बघायला मिळेल. निघायला तीन वाजले तर फोंडा विसर आणि परत करूळच धर.

"आणि राधानगरीच्या पुढे?"

पुढे गुऱ्हाळं चालू असतील. मोकळ्या जागेत गाडी पूर्ण खाली उतरवून थांब आणि माझ्यासाठी एक बाटली काकवी घेऊन ये.